वाचकांचे प्रश्न : कंसात ‘गमतीने’ लिहावे काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे उपरोधाविषयी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. बाकीच्या पत्रलेखकांनी त्याबद्दल राग मानू नये.

प्रश्न : आमच्या गावच्या देवस्थानाच्या उत्सवात दर वर्षी नाटक होते, आणि उत्सवाचा वृत्तांत लिहून तो सभामंडपातील फलकावर लावण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. या वर्षीच्या पत्रकात नाटक रात्री ठीक साडेदहा वाजता सुरू होईल असे छापले होते. प्रत्यक्षात पडदा उघडला तेव्हा एक वाजायला पाच मिनिटे होती, आणि शेवटच्या अंकात नायिकेचा विलाप चालू असताना बाहेर पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला. मी वृत्तांतात लिहिले, ‘नाट्यसमितीने वक्तशीरपणाचा जो आदर्श गावासमोर ठेवला आहे, त्याबद्दल समितीचे करावे तितके कौतुक थोडेच आहे.’ समितीच्या अध्यक्षांनी ते वाचून माझे दोन्ही हात हातात घेतले, आभार मानले आणि पुढील वर्षीच्या समितीवर माझी नेमणूक केली. आमचे रंगभूषाकार मात्र तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, कारण त्या रात्री वाटेत त्यांचीच स्कूटर बंद पडल्यामुळे उशीर झाला होता. मला हे नंतर कळले. माझी पत्नी म्हणते की त्या वाक्यापुढे कंसात ‘गमतीने’ असे लिहिले असते तर हे सगळे टळले असते. आपले मत काय?
— एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : कंसात ‘गमतीने’ लिहिले असते तर रंगभूषाकारांचा राग आहे तितकाच राहिला असता आणि त्यात अध्यक्षांच्या रागाची भर पडली असती. उपरोध करून लगेच ‘हा उपरोध होता’ असे सांगणे म्हणजे खलनायकाने ऐन प्रवेशात पुढे येऊन ‘मी घरी फार मायाळू आहे’ असे प्रेक्षकांना कळवण्यासारखे आहे. त्याने खलनायकही जातो आणि मायाळूपणाही कोणाला पटत नाही. तेव्हा कंस लिहिला नाहीत, हे बरेच केलेत. मात्र खुलासा नको म्हणजे जबाबदारीही नको, असा अर्थ यातून कृपया काढू नये, कारण आपल्या वाक्यात एक खरा दोष आहे आणि तो कंसाने भरून निघणारा नाही.

आपल्याकडील काव्यशास्त्राने या गोष्टीचा विचार फार पूर्वी आणि फार बारकाईने केला आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने ‘काव्यप्रकाशा’त उदाहरणादाखल एक श्लोक दिला आहे. त्यात एक जण दुसऱ्याला म्हणतो की, आपण फार उपकार केलेत, किती म्हणून सांगावे, आपला सज्जनपणा तर जगजाहीर झाला. मित्रा, असेच करीत राहा आणि शंभर वर्षे सुखाने जग. श्लोकात एकही वाईट शब्द नाही. परंतु ज्याला उद्देशून तो म्हटला आहे त्याने बोलणाऱ्याचे वाईट केले आहे, एवढे कळले की उपकाराचा अपकार होतो, सज्जनपणाचा दुर्जनपणा होतो आणि शंभर वर्षांचा आशीर्वाद कानशिलात बसल्यासारखा लागतो. उलट अर्थ घ्यायला लावणाऱ्या या शक्तीला शास्त्रात विपरीत लक्षणा म्हणतात.

याच ग्रंथात, शब्दांच्या पलीकडचा अर्थ ऐकणाऱ्याला कशाकशावरून कळतो, याची एक यादी आहे. बोलणारा कोण, ज्याला सांगायचे तो कोण, आवाजाचा हेल म्हणजे काकू कसा आहे, जवळ तिसरे कोणी उभे आहे काय, प्रसंग कोणता, स्थळ कोणते, वेळ कोणती, असे त्या यादीचे स्वरूप आहे. ती हातात घेऊन आपला फलक पाहा. काकू कागदावर येतच नाही. बोलणारा म्हणजे वृत्तांतलेखक, आणि त्याचे कामच मुळी सर्वांचे कौतुक करणे हे आहे. प्रसंग उत्सवाच्या समारोपाचा आणि स्थळ देवळाचा मंडप. वर्गणीदारांपासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत प्रत्येकाचे ‘मोलाचे सहकार्य’ ज्या फलकावर दर वर्षी नोंदवले जाते, त्याच फलकावर, त्याच हस्ताक्षरात, त्याच पठडीतले एक वाक्य आपण लिहिलेत. अध्यक्षांनी ते खरे मानले यात त्यांचा भोळेपणा नाही. त्यांच्यापुढची सगळी चिन्हे स्तुतीकडेच बोट दाखवत होती.

यादीतील तिसऱ्या माणसाच्या जवळ असण्याला मम्मट ‘अन्यसंनिधी’ म्हणतो, आणि देवळातला फलक म्हणजे साऱ्या गावाचीच अन्यसंनिधी. ‘लेकी बोले सुने लागे’ या म्हणीतील सासू निदान सुनेला लागावे म्हणूनच लेकीला बोलत असते. आपण बोललात समितीला आणि लागले रंगभूषाकारांना, ज्यांचे नाव लिहिताना आपल्या मनातही नव्हते.

आता वाक्याचा दोष. ‘वक्तशीरपणाचा आदर्श’ हे शब्द खरोखर वेळेवर सुरू झालेल्या नाटकाविषयीही जसेच्या तसे लिहिता आले असते. उपरोधिक वाक्य असे असावे लागते की त्याचा सरळ अर्थ घ्यायला गेल्यास तो हातात राहू नये. आपण लिहायला हवे होते : ‘पत्रकात साडेदहा ही वेळ छापली होती आणि समितीने ती बारा वाजून पंचावन्न मिनिटांनी अत्यंत काटेकोरपणे पाळली.’ यात विशेषण एकच आहे, बाकी दोन वेळा आहेत. त्या दोन वेळा शेजारी उभ्या केल्या की ‘काटेकोरपणे’ या शब्दाचा सरळ अर्थ आपोआप गळून पडतो आणि खुलाशाची गरजच उरत नाही. खूण बाहेरून चिकटवायची नसते, वाक्याच्या आत ठेवायची असते, आणि घडलेल्या गोष्टीहून चांगली खूण सापडत नाही. आपण पत्रात मला लिहिलेला पोदेराचा भोंगा फलकावर लिहिला असतात, तरी पुरे झाले असते. पहाटेचा पाव दारात येईपर्यंत चाललेले नाटक वक्तशीर होते, असे गावात कोणी मानले नसते.

यात गोव्यापुरती एक वेगळी अडचणही आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कोकणी बोलली जाते आणि कागदावर मराठी लिहिली जाते. गावच्या नाटकाची तालीम पाहावी : संवाद शुद्ध मराठीत चालतात आणि संवाद विसरणाऱ्या नटावर होणारा ओरडा कोकणीत. मराठी आपल्याकडे पोथीतून, कीर्तनातून, शाळेतून, वर्तमानपत्रातून आणि रंगमंचावरून आली, त्यामुळे लिहिताना ती आपोआप सोवळ्यात उभी राहते. थट्टामस्करी, खोडी, चिमटा हे सगळे बोलीत राहते. आपण अध्यक्षांना देवळाच्या पायरीवर गाठून ‘व्हय मरे, तुमचें घड्याळ बरें चलता!’ असे म्हणाला असतात, तर त्या ‘मरे’ने, म्हणजे कोकणीतल्या सलगीच्या ‘अरे बाबा’ने, आणि आपल्या भुवईने सारे काम केले असते. तेच बोलणे मराठीत उतरवताना ‘मरे’ गळला, भुवई गळली आणि उरले ते अभिनंदनपत्र.

अर्थात मराठीजवळही स्वतःचे ‘मरे’ आहेत, ते फक्त हाताशी ठेवावे लागतात. ‘म्हणे’ हा त्यांतला पहिला. ‘समिती वेळ पाळते’ आणि ‘समिती म्हणे वेळ पाळते’ यांत दोनच अक्षरांचे अंतर आहे, पण दुसऱ्या वाक्याचा लेखक त्या विधानापासून हात झटकून बाजूला उभा आहे. दुसरे साधन म्हणजे नको तितका आदर. रोज ‘अरे-तुरे’ करणाऱ्या मित्राने उशिरा येणाऱ्याला ‘यावे भाटकारबाब, आपल्यासाठीच अंक थांबवला आहे’ असे म्हटले की त्याला ‘गमतीने’ जोडावे लागत नाही, कारण भाटकार म्हणजे जमीनदार, आणि आलेल्या मनुष्याच्या नावावर एक माडही नाही, हे सर्वांना ठाऊक असते.

रंगभूषाकारांकडे मात्र आपण स्वतः जावे आणि तेथे एकही वाकडे वाक्य बोलू नये. ‘मी मस्करी केली होती’ हेही म्हणू नये, कारण त्याचा अर्थ ‘तुम्हाला मस्करी कळत नाही’ असा होतो आणि दुखावलेल्या माणसावर दुसरा आरोप बसतो. ‘स्कूटर बंद पडल्याचे मला माहीत नव्हते, माझ्या वाक्याने आपल्याला त्रास झाला, क्षमा करा’ एवढे पुरे. अध्यक्षांना खरे सांगावे की नाही, हे आपले आपण ठरवावे. पुढील वर्षी पडदा साडेदहाला उघडण्याची जबाबदारी आता आपल्या शिरावर आली आहे, ही शिक्षा मला पुरेशी वाटते.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. परवा जेवताना तो वाटीतील सोलकढी ताटाबाहेर सांडत होता. मी रागाने म्हटले, ‘सांड, सांड, अजून सांड, फरशीला तहान लागली आहे!’ त्याने माझ्याकडे पाहिले आणि उरलेली वाटी शांतपणे फरशीवर उपडी केली. मी त्याला ओरडले तेव्हा तो रडत म्हणाला, ‘तूच सांगितलेस ना?’ सासूबाईंचे म्हणणे असे की मुलांशी वाकडे बोलूच नये. माझी आई आमच्याशी सतत असेच बोलत असे आणि आमचे काही बिघडले नाही. कोणाचे खरे?
— एक आई, म्हापसा

उत्तर : आजच्या घडीला सासूबाईंचे. आपल्या मुलाने आपली आज्ञा अक्षरशः पाळली आणि त्याबद्दल त्याला ओरडा मिळाला. त्याच्या बाजूने पाहिले तर त्या दुपारी घरातील एकमेव सरळ माणूस तोच होता. साधारणपणे पाच-सहा वर्षांच्या सुमारास मुलांना बोलण्यातला उलटा अर्थ थोडाथोडा जाणवू लागतो, तोही मुख्यतः आवाजावरून. पण समोरचा माणूस असे उलटे का बोलत आहे, त्याला राग आला आहे की गंमत करायची आहे, हे उमगायला आणखी काही वर्षे जातात. तोवर मुलाला ‘सांडू नको’ असे सांगावे. त्यात गोडवा कमी आहे, पण फरशी कोरडी राहते.

येथे मला पहिल्या उत्तरातील माझेच मत थोडे मागे घ्यावे लागते. काही मोठ्या माणसांनाही शब्दांचा सरळ अर्थच आधी आणि ठळकपणे दिसतो. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तींपैकी अनेकांच्या बाबतीत असे घडते. आपल्याकडे नव्याने मराठी शिकणाऱ्या शेजाऱ्याची स्थितीही काही वेगळी नसते. अशा माणसाने ‘हे खरे म्हणालात की थट्टेने?’ असे विचारले तर त्याला लगेच आणि सरळ उत्तर द्यावे. तेथे खुलाशाने विनोद बिघडत असेल तर बिघडू द्यावा. जो विचारतो आहे त्याला ताटकळत ठेवून हसणे हा उपरोध नव्हे, तो केवळ मुजोरपणा आहे.

आपल्या आईविषयी मात्र दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. आपले काही बिघडले नाही याचे एक कारण असे असावे की त्या पिढीतील आया रोज नवा उपरोध रचत नसत. त्यांची ठरलेली आठ-दहा वाक्ये असत आणि ती मराठीने त्यांना तयारच करून दिली होती. ‘दिवे लावलेस’, ‘उजेड पाडलास’, ‘पराक्रम केलास’, ‘अकलेचे तारे तोडू नकोस’, ‘मुक्ताफळे उधळलीस’ ही वाक्ये ऐकून कोणत्याही मुलाने कधी समई शोधली नाही. मार मिळणे म्हणजे ‘प्रसाद’ मिळणे आणि शिव्या घालणे म्हणजे ‘उद्धार’ करणे, हेही आपण कोणी समजावून न सांगता शिकलो. शेकडो वर्षांच्या वापराने ज्यांचा उलटा अर्थच सुलटा होऊन बसला आहे, असे हे शब्द आहेत. त्यांना खुलासा लागत नाही, कारण तो भाषेनेच एकदा करून ठेवला आहे. ‘फरशीला तहान लागली आहे’ हे वाक्य आपण त्या क्षणी नव्याने रचलेत. वाक्य चांगले आहे, यात शंका नाही. मुलगा दहा वर्षांचा झाला की पुन्हा वापरून पाहावे.

प्रश्न : मी निवृत्त सरकारी कर्मचारी असून वर्तमानपत्रांना नियमित पत्रे लिहितो. उपरोध कळावा म्हणून मी पूर्वी उद्गारचिन्ह देत असे, नंतर शब्द एकेरी अवतरणात टाकू लागलो, आणि आता नात म्हणते की मोबाइलवरचा हसरा चेहरा टाकावा. उपरोधासाठी एखादे अधिकृत चिन्ह असते काय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : काढून पाहिले आहे, टिकले नाही. इंग्लंडमध्ये हेन्री डेनम नावाच्या मुद्रकाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस, उत्तराची अपेक्षा नसलेल्या प्रश्नांसाठी उलट्या तोंडाचे प्रश्नचिन्ह वापरून पाहिले. जॉन विल्किन्स याने १६६८ मध्ये उपरोधासाठी उद्गारचिन्ह डोक्यावर उभे करावे असे सुचवले. फ्रान्समध्ये १८९९ मध्ये अल्काँतेर द ब्राम याने पुन्हा एक वेगळे चिन्ह पुढे आणले. यांपैकी एकही छापखान्यात रुजले नाही. आपल्या नातीचा हसरा चेहरा मात्र ज्या घराण्यातला आहे ते तगले : १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी सहकाऱ्यांना सुचवले की संगणकावरील संदेशात थट्टा असेल तर अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस असे ओळीने टंकावे, म्हणजे मान वाकडी करून पाहिल्यास हसणारा चेहरा दिसतो. विद्यापीठातील हुशार माणसांनाही एकमेकांची थट्टा कळेनाशी झाली होती, म्हणूनच हे सुचवावे लागले.

लिहिणाऱ्याला आपला उपरोध जितका स्पष्ट वाटतो तितका तो नसतो, हे प्रयोगानेही दिसले आहे. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना गंभीर आणि उपरोधिक अशी वाक्ये दुसऱ्याला पाठवायला सांगितली होती. शंभरातील सुमारे ७८ वेळा समोरच्याला बरोबर ओळखता येईल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून ऐकवली तेव्हा सुमारे ७३ वेळा ओळखली गेली. लेखी पाठवली तेव्हा सुमारे ५६ वेळा. नाणे उडवून ठरवले तरी ५० वेळा बरोबर येते. लिहिताना वाक्य आपल्या स्वतःच्या कानात आपल्याच आवाजात वाजत असते, आणि वाचणाऱ्याला तो आवाज मिळालेला नसतो, हे त्याचे कारण.

तरीही वर्तमानपत्राला पाठवायच्या पत्रात हसरा चेहरा टाकू नये. एकेरी अवतरणही जपून वापरावे. एका पत्रात ‘विकास’, ‘तत्पर’, ‘लोकसेवक’ आणि ‘सुशोभीकरण’ असे चार शब्द अवतरणात आले की वाचकाला लेखकाचा चिमटा न जाणवता त्याने वाचकाचा धरलेला कान जाणवतो. पत्रात रस्ता किती तारखेला खणला आणि आज कोणती तारीख आहे, एवढे लिहून मग खात्याच्या तत्परतेचे आभार मानावेत. फलकाबाबत वर सांगितलेली गोष्टच येथेही लागू आहे.

एक प्रकार मात्र वर्तमानपत्रात शक्यतो टाळावा : विरोधकाचा आवाज काढून त्याचेच मत टोकाला नेणे. १७०२ मध्ये इंग्लंडमध्ये डॅनिएल डेफो याने, प्रस्थापित चर्चपासून फुटलेल्या पंथांना निपटूनच काढावे, अशी मागणी करणारी एक पुस्तिका निनावी छापली. तो स्वतः त्याच फुटलेल्या पंथीयांपैकी होता. कट्टर लोकांचे बोलणे किती भयंकर आहे हे त्याला दाखवायचे होते. पण कट्टरांपैकी काहींनी ती खरी मानून तिची वाहवा केली, आणि लेखक कोण हे उघड झाल्यावर दोन्ही बाजू त्याच्यावर उलटल्या. त्याने मागाहून खुलासाही छापला. तरी १७०३ च्या जुलैमध्ये त्याला तीन दिवस भर चौकात खोड्यात उभे राहावे लागले, शिवाय दंड आणि तुरुंगवास झाला तो वेगळाच. आपला ग्रामपंचायतीवरील राग इतका असेल तर गोष्ट निराळी. नाहीतर पत्र आपल्याच आवाजात आणि आपल्याच सहीने लिहावे.

प्रश्न : आपले सदर अतिशय उपयुक्त असून त्यावाचून आमचे इतके दिवस कसे चालले, याची कल्पनाही करवत नाही. या वाक्यात उपरोध आहे की नाही, हे आपण ओळखून दाखवावे.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या पाकिटावर तिकीट लावलेले नव्हते, त्यामुळे टपालखर्च दुप्पट भरून ते सोडवून घेण्याचा मान आम्हाला मिळाला. इतके मोलाचे पत्र या सदराला यापूर्वी आलेले नाही. असाच लोभ असू द्यावा.